मोटार खालीं उतरली, चाकांचें काय?

मोटारीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आंखूड व ताठ स्प्रिंगा बसविल्या कीं गाडी खालीं बसते आणि मालकास ती डौलदार दिसूं लागते. परंतु उंचीबरोबर चाकांचे कोनहि पालटतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

मारुती स्विफ्टचें उदाहरण घ्या. तिच्या पुढच्या चाकास खालून आडवी लोअर आर्म व वरून स्ट्रटचा खांब धरून असतो. गाडी खालीं आली म्हणजे आर्मचा कल बदलतो व चाकाचा माथा बहुधा आंत झुकतो. या झुकावास कँबर म्हणतात. स्टिअरिंगचा दांडा मात्र निराळ्या कंसांतून फिरतो. त्यामुळें चाकाचें तोंडहि किंचित् आंत अथवा बाहेर वळतें. हा टो.

टायर झिजविण्यांत टोचा वांटा मोठा. अर्धा अंश तिरपें चाललेलें चाक, भूमितीच्या हिशेबानें, दर किलोमीटरास सुमारें पावणेनऊ मीटर आडवें ओढलें जातें. त्यांत कँबरची भर पडली कीं टायरची आंतली कड गुळगुळीत होते. बाहेरून तें दिसत नाहीं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावण्याचा प्रसंग आला म्हणजे कळतें.

यास्तव नव्या स्प्रिंगा थोड्या स्थिरावतांच अलाइनमेंट करवावें. आधीं टायरांतील हवा व झिजलेले सांधे पाहावे, मग कँबर, शेवटीं टो. कारण कँबर हलविला कीं टोहि हलतो. पुष्कळ गाड्यांत कँबर जुळविण्याची मूळ सोयच नसते. तेथें निराळे बोल्ट घालावे लागतात. तेंहि साधत नसेल, तर गाडी फार न उतरविणें हेंच शहाणपण.