साठ डॉलरचा चष्मा

मंडळी, भारतवारीहून परतताना आपल्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात: एक लोणच्याची बरणी आणि दुसरा नवा चष्मा. पुण्याला लक्ष्मी रोडवरच्या आमच्या ठरलेल्या दुकानात नंबरचा कागद दिला की तिथले काका समोर बसवून, डोळ्यांपुढे पट्टी धरून माप घेणार. दोन दिवसांनी काड्या गरम करून कानामागे नीट वळवून देणार. पाच वर्षांनी गेलं तरी ढिला स्क्रू फुकटात आवळून देणार. त्या पट्टीचं महत्त्व आम्हाला गेल्या वर्षी कळलं, आणि तेही आईंच्या मनगटाला बँडेज बांधावं लागल्यावर.

झालं असं, की आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, लांबचा नंबर उणे चार, शिवाय वाचायचा वेगळा. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा चष्मा सोफ्यावर राहिला आणि आमचे चिरंजीव त्यावर बसले! डोळे तपासून घेतले. प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे मधली रेघ न दिसणारा लांब-जवळचा चष्मा, जवळच्या दुकानात ४८० डॉलर. आईंनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाल्या, "अरे, एवढ्यात तिकडे अख्ख्या वाड्याचे चष्मे होतील!" तसाच चष्मा इंटरनेटवर ६२ डॉलरला, तोही घरपोच. आम्ही पडलो मध्यमवर्गीय. लगेच ऑर्डर टाकली.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: पी. डी., म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. डॉक्टरांच्या कागदावर ते नव्हतं. चिरंजीवांनी शाळेची फूटपट्टी आणली, आजीच्या नाकावर धरली आणि जाहीर केलं, "सिक्स्टी-सिक्स!" आम्ही ६६ भरलं आणि मोकळे झालो.

दोन आठवड्यांनी चष्मा आला. दिसायला झकास. आईंनी घातला, आरशात पाहिलं, म्हणाल्या, "छान आहे हो." नंतर हळूहळू त्यांचं वाचन बंद झालं. दुपारी दिवाळी अंक उघडायच्या आणि पाच मिनिटांत मिटायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वयच झालं आता. असू दे, सवय होईल." डोकं दुखतंय म्हणून बाम लावायच्या. चष्म्याला कोणीच दोष दिला नाही, त्यांनी नाही आणि आम्हीही नाही. सहाव्या आठवड्यात तळघराच्या जिन्यात शेवटची पायरी चुकली. सुदैवाने हाड मोडलं नाही, मनगट मुरगळण्यावर निभावलं.

तेव्हा कुठे आम्ही तो चष्मा घेऊन त्याच जवळच्या दुकानात गेलो, थोडं खजील होऊनच. तिथल्या बाईंनी चष्मा यंत्राखाली ठेवला आणि आईंचं माप घेतलं. खरं अंतर ६० मिलिमीटर होतं. म्हणजे प्रत्येक भिंगाचा मध्य बाहुलीपासून ३ मिलिमीटर सरकलेला. भिंगाच्या मध्यातून न पाहता कडेने पाहिलं की भिंग लोलकासारखं वागतं आणि प्रकाश वाकवतं. नंबर जितका मोठा, तितका हा दोष मोठा. दिवसभर दोन्ही डोळे ते जुळवून घ्यायला धडपडतात, म्हणून डोकं दुखतं.

दुसरी चूक उंचीची. प्रोग्रेसिव्ह भिंगात वर लांबचा नंबर, खाली वाचायचा आणि मध्ये अरुंद वाट. ती वाट कुठे सुरू व्हावी हे फ्रेम चेहऱ्यावर बसवून मोजावं लागतं. आईंच्या चष्म्यात वाचायचा भाग जास्त वर आला होता. जिना उतरताना पायऱ्या त्या भागातून दिसायच्या, म्हणजे पुसटच.

मग कस्टमर सर्व्हिस! फोन उचलणारं कोणी नाही, फक्त संगणकावर लेखी संभाषण. चौथ्या खेपेला उत्तर आलं: चष्मा तुम्ही दिलेल्या मापानेच बनवला आहे, ६६ हा आकडा तुम्हीच भरलात, आणि परत करायची १४ दिवसांची मुदत संपली आहे. राग आला, पण खोटं काय होतं त्यात? स्वस्त चष्म्यात जे काम वगळलेलं असतं, ते आपण अंगावर घेतलेलं असतं, एवढंच.

चूक नेहमी गिऱ्हाइकाचीच असते असंही नाही. २०११ साली अमेरिकेतल्या 'ऑप्टोमेट्री' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. इंटरनेटवरून मागवलेले १५४ चष्मे तपासले, तर सुमारे ४५ टक्के चष्मे नंबर, माप किंवा आघात सोसण्याची ताकद यांपैकी कुठल्या तरी कसोटीत नापास झाले. अभ्यास जुना आहे, आणि डोळे तपासणाऱ्यांच्याच संघटनेच्या नियतकालिकातला आहे, हेही ध्यानात ठेवावं. पण चष्मा तपासून घ्यावा एवढा धडा त्यातून नक्की मिळतो.

मग इंटरनेटवरून घ्यायचाच नाही का? तसं नाही. लहान, एकच नंबर असेल, किंवा गाडीत ठेवायला जादा चष्मा हवा असेल, तर खुशाल घ्या. आम्हीही घेतो. पण प्रोग्रेसिव्ह, मोठा नंबर आणि मुलांचा चष्मा समोर बसून मोजून घेतलेला बरा. मुलांना भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्या. चेंडू लागला तर ती सहसा फुटत नाहीत.

आणखी एक. तपासणी झाली की तुम्ही न मागताही नंबरचा कागद हातात द्यायचा, त्यासाठी तिथेच चष्मा घेण्याची अट घालायची नाही, असा अमेरिकेत १९७८ पासून केंद्र सरकारचा नियम आहे. त्या नियमात पी. डी. मात्र येत नाही, म्हणून ती आवर्जून मागून घ्या. थोडे पैसे मागितले तरी द्या. ऑर्डर करण्याआधी परत करण्याची मुदत वाचा. आणि चष्मा आला की मुदतीच्या आत कुठल्याही दुकानात यंत्राखाली तपासून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, घालणाऱ्याला विचारा. "छान आहे ना?" असं नको, "चार ओळी वाचून दाखवा बघू" असं विचारा. मुलांना धूसर दिसतंय हे कळत नाही, आणि आपली म्हातारी माणसं, लेकाचे पैसे वाया गेले असं वाटू नये म्हणून, बोलत नाहीत.

आईंना शेवटी ४८० डॉलरचाच चष्मा केला. पहिल्या दुपारी त्यांनी अर्धा दिवाळी अंक संपवला. वर म्हणाल्या, "म्हणजे माझे डोळे बरे होते रे!" सहा आठवडे त्या काय समजून बसल्या होत्या, ते तेव्हा आमच्या लक्षात आलं.

आपल्यालाही असा काही अनुभव आला असेल तर जरूर लिहून पाठवा.