दोन होड्यांची सांगड

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. घराची आणि नोकरीची सांगड, अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची सांगड. पण मूळची सांगड ही पाण्यावरची वस्तू आहे. दोन ओंडके, दोन वाळलेले भोपळे किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून केलेले तरंगणारे साधन म्हणजे सांगड. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, खोडे जोडून केलेल्या 'संगर' नावाच्या मोठ्या नावांचा उल्लेख आहे. तो शब्द, मल्याळममधला 'चंगाडम' आणि आपली सांगड एकाच कुळातले असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

इंग्रजीने मात्र शब्द उचलला तो तमिळमधून. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. त्याचे झाले कॅटमरान. गंमत अशी की तमिळ कट्टुमरम् म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. आज जगभर ज्याला कॅटमरान म्हणतात ती नौका, म्हणजे दोन सडपातळ होड्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, आपल्या सांगडीला अधिक जवळची आहे.

नौकांच्या मासिकांत जुन्या कॅटमरानच्या जाहिराती येतात. त्यांचा नमुना साधारण असा: 'विकणे आहे. शिडाची प्रवासी कॅटमरान. बांधणी २०१२. लांबी १२ मीटर, रुंदी साडेसहा मीटर, पाण्यातली खोली १.१ मीटर, वजन ८ टन, शिडाचे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर.' वारणेच्या खोऱ्यात, समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे बसलेल्या कोडोलीच्या शिक्षकाला ही नौका कोण विकणार आहे? तरीही या पाच आकड्यांत आठवी-नववीचे बरेच भौतिकशास्त्र दडले आहे. ते आपण उलगडून पाहू.

आधी रुंदी. एक मीटर रुंदीची एक सपाट फळी पाण्यावर तरंगते आहे असे समजा. ती कलंडू पाहते, तेव्हा बुडणाऱ्या बाजूखालचे पाणी तिला वर ढकलते. हा विरोध किती, हे रुंदीच्या घनावर ठरते: एकाचा घन भागिले १२, म्हणजे ०.०८३. आता हीच फळी उभी चिरून अर्ध्या अर्ध्या मीटरच्या दोन पट्ट्या करा आणि त्या मध्यापासून मध्यापर्यंत तीन मीटर अंतरावर ठेवून वरून जोडा. लाकूड तेवढेच, पाण्याला टेकणारे क्षेत्रफळही तेवढेच. पण आता प्रत्येक पट्टी मधल्या अक्षापासून दीड मीटर दूर आहे आणि या अंतराचा वर्ग हिशोबात येतो. उत्तर येते २.२७. म्हणजे कलण्याला होणारा विरोध २७ पट वाढला! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी समांतर अक्षाचे सूत्र वापरून हा आकडा स्वतः काढावा.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या कोळ्यांनी हे सूत्राशिवाय ओळखले. त्यांच्या अरुंद होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांनी एक ओंडका जोडलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. उलांडी म्हणजे अर्धी सांगडच. पाश्चात्त्यांना हे पटायला वेळ लागला. १८७६ मध्ये नथानिएल हेरेशॉफ यांच्या 'अ‍ॅमॅरिलिस' या दोन अंगांच्या नौकेने न्यूयॉर्कच्या शर्यतीत नावाजलेल्या नौकांना मागे टाकले, तेव्हा इतरांनी तक्रार करून तिला शर्यतीतून बाद करवले.

आता जाहिरातीतले इतर आकडे घेऊ. समजा, दोन होड्यांच्या मध्यरेषांत पाच मीटर अंतर आहे. वारा जोरात आला की वाऱ्याकडची होडी पाण्यातून उचलली जाऊ लागते. ती पूर्ण उचलली गेली की आठही टन वजन दुसऱ्या होडीवर येते आणि नौकेचा गुरुत्वमध्य त्या होडीपासून अडीच मीटरवर असतो. सरळ करणारे परिबल: ८ गुणिले २.५, म्हणजे २० टन-मीटर. तेवढ्याच वजनाच्या एकेरी नौकेत हा भुजदंड फार तर पाऊण मीटर, म्हणून परिबल सुमारे ६ टन-मीटर.

वाऱ्याचे काय? सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर साधारण ६ किलोग्रॅम-भार इतका दाब देतो. ८० चौरस मीटरवर ४८० किलो. हा जोर आणि पाण्याचा आडवा प्रतिकार यांतले उभे अंतर ८ मीटर धरले, तर परिबल होते जवळजवळ ४ टन-मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते, म्हणजे १५ ते १६. आणि २३ मीटरच्या, म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाच्या झोताला ते २० वर पोहोचते. त्यानंतर नौका उलटते.

हाच मुद्दा जाहिरातीत कुठे छापलेला नसतो. एकेरी नौका वारा वाढला की झुकते. झुकली की शिडावरचा वारा ओसरतो, कपबशा घरंगळतात, झोपलेला माणूस जागा होतो. कॅटमरान मात्र ताठ राहते. तिचा सगळा जोर पहिल्या १०-१२ अंशांतच असतो आणि वाऱ्याकडची होडी एकदा हवेत गेली की तो जोर वाढण्याऐवजी घटू लागतो. म्हणून तिच्यावर शीड केव्हा आखडते घ्यायचे हे वाऱ्याचा वेग मोजून, तक्त्याप्रमाणे ठरवावे लागते. अंदाजावर सोडता येत नाही.

हे सारे वर्गात दाखवता येते. कोडोलीत शिक्षकांबरोबर आम्ही हा प्रयोग टबात केला. एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. झाकणे घट्ट लावून त्या २० सेंटिमीटर अंतरावर बांबूच्या कामट्यांनी जोडा आणि कामट्यांच्या मधोमध २० सेंटिमीटरची काडी डोलकाठी म्हणून उभी करा. काडीच्या टोकाला दोरा बांधून तो टबाच्या कडेवरच्या रिळावरून खाली सोडा. त्याला काड्यापेटीचे पारडे लावून एक एक नाणे टाका. पण थांबा, नौका नुसतीच सरकत येईल! खऱ्या समुद्रात पाण्याचा आडवा प्रतिकार तिला धरून ठेवतो. तेव्हा रिळाकडच्या बाटलीला पाण्याच्या पातळीवर दुसरा दोरा बांधून तो समोरच्या कडेला अडकवा. दूरची बाटली कोणत्या वजनाला उचलली जाते ते नोंदवा आणि सगळ्या सांगाड्याचे वजन करून आपल्या हिशोबाशी ताडून पहा.

मग तिसरी बाटली घ्या. तिला तशीच काडी लावली की ती लगेच आडवी होते. आता काडीच्या विरुद्ध बाजूला, खाली पंधरा सेंटिमीटरवर, दुसऱ्या काडीने २०० ग्रॅमचा दगड घट्ट बांधा. ही झाली कील, म्हणजे नौकेच्या तळाखालचे जड शिसे. बाटली बोटाने पूर्ण उलटी करून सोडा; ती गिरकी घेऊन सरळ होते. सांगड उलटी करून सोडा; ती उलटीच राहते, आणि उलटीसुद्धा तितकीच भक्कम असते! शिक्षक सर्वांत जास्त वेळ इथे थांबले, आणि ते योग्यच होते.

दोन्हींची उदाहरणे प्रत्यक्षात घडली आहेत. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही एकेरी, कील असलेली नौका. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यातच बांधलेल्या 'तुरीय' या कीलच्या नौकेला सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने गरगर फिरवले. डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, पण नौका पुन्हा सरळ झाली. उलट, १९८९ च्या जूनमध्ये न्यूझीलंडजवळ 'रोझ-नोएल' ही तीन अंगांची नौका उलटली आणि उलटीच राहिली. मात्र तिला शिशाचे ओझे नव्हते, म्हणून ती बुडाली नाही. तिच्यातले चौघे उलट्या नौकेत ११९ दिवस तग धरून जिवंत किनाऱ्याला लागले. सरळ होणारी पण पाणी शिरले तर तळाला जाणारी नौका, की सरळ न होणारी पण तरंगत राहणारी? नाविकांमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही.

जाहिरातीतला 'जुनी' हा शब्द राहिला. तिरपी लाट आली की एक होडी वर जाते, दुसरी खाली, आणि मधल्या तुळया पिरगळल्या जातात. लाखो लाटांनंतर भेगा पडतात त्या याच सांध्यांत. म्हणून जाणकार आधी तिथे पाहतो. मग लहान हातोडीने सगळे अंग ठोकत जातो. फायबरच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड किंवा फोम असतो. आत पाणी मुरले असेल तर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या बाईला हे शिकवावे लागणार नाही.

शेवटी वजन. दोन्ही होड्यांचे पाण्याला टेकलेले क्षेत्रफळ १६ चौरस मीटर धरले, तर एक सेंटिमीटर बुडायला फक्त १६० किलो पुरतात. माणसे, पाण्याच्या टाक्या, शिधा मिळून दीड टन चढले की नौका नऊ-दहा सेंटिमीटर खाली जाते आणि लाटा मधल्या फलाटाला खालून धडका देऊ लागतात. आपल्या भागात हे गणित समुद्राइतके दूरचे नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि गावातलीच माणसे बुडाली.

पूर आला की ऊसवाल्या गावांत गुऱ्हाळाची काहिल नाव म्हणून पाण्यात उतरते. कोडोलीत एका शिक्षिकेने विचारले, दोन काहिली बांबूंनी जोडल्या तर? पाण्यात न उतरताच याचे उत्तर काढता येईल. जवळच्या गुऱ्हाळावर काहिलीचा व्यास, काठाची उंची आणि वजन मोजून आणा. पाच माणसे बसल्यावर एक काहिल किती बुडते, काठ पाण्यावर किती उरतो, आणि सगळे एकाच बाजूला सरकले तर काय होते हे काढा. मग तेच दोन जोडलेल्या काहिलींसाठी करा. सांधा कोणत्या दोराने बांधणार, हेही उत्तरात लिहायचे आहे.