भुईकाट्याची तार

लासलगावात कांद्याचा लिलाव ट्रॅक्टर-ट्रॉलीपाशीच होतो. बोली सुटली की गाडी भुईकाट्यावर जाते. आधी भरलेलं वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवून रिकाम्या गाडीचं. दोहोंतला फरक काटापट्टीवर छापला जातो आणि शेतकऱ्याचे पैसे त्यावरून ठरतात.

काट्याखालच्या लोडसेलचा संदेश इंडिकेटरमध्ये आकडा होतो आणि सिरियल तारेतून संगणकात येतो. वेग ९६०० बॉड असेल तर मिलिसेकंदाला जवळपास एक अक्षर. विंडोज ९८ च्या काळात अशा काट्यासाठी लिहिलेला एक प्रोग्राम मी ओळ न् ओळ वाचला आहे. तो थेट सिरियल पोर्टच्या चिपलाच विचारायचा. ३एफडी या पत्त्याच्या पोर्टचा सर्वांत उजवीकडचा बिट एक झाला, की ३एफ८ वरून अक्षर उचलायचं. इतका नेटका कोड क्वचित दिसतो. विंडोज एक्सपीवर मात्र पोर्ट वाचणाऱ्या पहिल्याच ‘इन’ आज्ञेला तो बंद पडला.

त्याला अडवलं प्रोसेसरनेच. ८०३८६ पासून प्रत्येक ‘इन’-‘आउट’च्या वेळी प्रोसेसर आधी प्रोग्रामचा अधिकार तपासतो, तो नसेल तर ६५,५३६ पोर्टांच्या परवानगी-नकाशातला त्या पोर्टचा बिट पाहतो. एक्सपी साध्या प्रोग्रामला दोन्ही नाकारते.

ही अडवणूक मला योग्यच वाटते. ३एफ८ वरचं अक्षर एकदा वाचलं की तिथून जातं. मधेच दुसऱ्या प्रोग्रामने एक अक्षर उचललं, तर ५८४० किलोचे ५४० होतात, आणि चिपला त्याचा पत्ताही नसतो.

पळवाट होती. डेल रॉबर्ट्स यांनी १९९६ मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये ‘गिव्हआयओ’ हा छोटा ड्रायव्हर मांडला. तो मागणाऱ्या प्रोग्रामला सगळे पोर्ट खुले करून देतो. प्रयोगाच्या टेबलावर तो फार उपयोगी आहे. पण काट्याच्या खोलीत मी तो बसवणार नाही. हवा असतो एक पोर्ट आणि मोकळे होतात सगळे, हार्डडिस्कच्या कंट्रोलरचेसुद्धा.

सरळ मार्ग म्हणजे ‘कॉम१’ हा सिरियल पोर्ट फाइलसारखा उघडायचा. विंडोजचा ड्रायव्हर अक्षरं क्रमाने साठवतो आणि पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला देतो. आता बहुतेक नव्या संगणकांना सिरियल पोर्टच नसतो, तार यूएसबी कन्व्हर्टरमधून येते. त्या कन्व्हर्टरला ३एफ८ हा पत्ताच नाही. ड्रायव्हरमार्फत वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये तिथे ‘कॉम१’चं ‘कॉम३’ केलं की वजन पुन्हा येऊ लागतं.