हम्म कुठून येतोय? साऊंड कार्डला शिव्या देण्याआधी हे करून बघा

इअरफोन कानात असतील तर आधी हे ऐका.

[रेकॉर्डिंग, ८ सेकंद: सलग "हम्म्म", मागे आजीचा आवाज]

मागे माझी आजी ओवी म्हणतेय, पण पुढे सगळं मधमाश्यांचं मोहोळ. मे महिन्यात घरी, सुप्याला गेलो होतो. आजीला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत, लिहिलेली एकही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्यात. म्हटलं, आपल्या घरातल्या तरी आपण जपू. कॉलर माईक लॅपटॉपला लावला, तासभर रेकॉर्ड केलं आणि नंतर ऐकलं तर हे असं!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिला संशय साऊंड कार्डवर. ड्रायव्हर काढला, परत टाकला. फरक शून्य. नवीन कार्ड ऑर्डर करणारच होतो, पण थांबलो. कोड बिघडला की आपण काय करतो? एकेक गोष्ट बंद करून बघतो. इथेही तेच करायचं.

आधी आवाज ओळखा

माईकमधून येणारा सिग्नल फक्त काही मिलिव्होल्टचा असतो. साऊंड कार्ड तो वाढवतं आणि सोबत आलेला कचराही तेवढाच वाढवतं. पण प्रत्येक कचऱ्याचा आवाज वेगळा असतो.

"स्स्स" असा वाळू चाळल्यासारखा आवाज असेल तर बहुतेक वेळा माईक बूस्ट जास्त आहे. २० डेसिबल बूस्ट म्हणजे सिग्नल १० पट, ३० म्हणजे साधारण ३२ पट. बूस्ट कमी करा, माईक तोंडाजवळ आणा.

माऊस हलवला किंवा फाईल कॉपी केली की "चिर्र चिर्र" येत असेल तर कॉम्प्युटरच्या आतलाच विजेचा गोंधळ आहे. डेस्कटॉप असेल तर पुढचं भोक सोडून मागच्या भोकात पिन लावा. पुढच्या भोकाची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या पार्ट्सच्या शेजारून जाते. यूएसबी साऊंड कार्डचा खरा फायदा इथेच.

"टक्, कट्" असं मधेमधे तुटत असेल तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा प्रश्न. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये बफर वाढवा, बाकीची अ‍ॅप्स बंद करा.

आणि सलग जाड "हम्म"? ती भिंतीतून येते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, म्हणून हम्मसुद्धा ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत, १००, १५० ला सापडते.

माझी हम्म

मी चार्जर काढला. हम्म गायब! परत लावला, परत हजर. मग लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर हात ठेवला, तर आवाज निम्मा झाला. ही खूण लक्षात ठेवा: हात लावल्यावर हम्म कमी होत असेल तर अर्थिंगवर संशय घ्या.

चार्जरमधून थोडीशी वीज बॉडीकडे झिरपत असते. ती अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायला हवी. वाट नसेल तर ती माईकच्या वायरीवर बसते.

इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि हसले. बोर्डला तीन भोकं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही! घराच्या त्या बाजूच्या सगळ्या बोर्डांची हीच गत. अंगणातला अर्थिंगचा खड्डाही खडखडीत. त्यात मीठ-कोळसा घालतात तो ओल धरण्यासाठी. आपल्याकडची मुरमाड जमीन, त्यात पारनेर तालुक्यातला उन्हाळा. पाणी कोण घालणार?

तेवढ्यात आजी म्हणाली, "आरं, मी कधीची सांगतेय, धुण्याचं मशीन चिमटे काढतंय म्हणून."

खरंच सांगत होती. आम्ही म्हणायचो, आजी, ओल्या हाताने लावू नकोस. मशीन त्याच बाजूच्या बोर्डवर होतं. आत एखादी वायर सुटून बॉडीला टेकली असती तर... पुढचं बोलत नाही.

आता नवी वायर ओढलीय, खड्ड्यात पाणी घातलंय आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय. हे काम स्वतः करू नका, माणूस बोलवा. आणि नेटवर कुणी सांगेल, "थ्री-पिनचा जाड पाय काढून टाक, हम्म जाते." कधी कधी जातेही, पण जीव वाचवणारी वायर तीच आहे. हात लावायचा नाही.

जुनं रेकॉर्डिंग वाचतं का?

थोडंफार. ऑडॅसिटीमध्ये कुणी बोलत नसलेले दोन-तीन सेकंद निवडा, नॉईज रिडक्शनला तो नमुना द्या आणि मग पूर्ण फाईलवर लावा. हलक्या हाताने, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. पुढच्या वेळी सोपी युक्ती: चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला १० सेकंद सगळे गप्प बसा.

आजी परत बसली रेकॉर्डिंगला. हे घ्या, नवीन.

[रेकॉर्डिंग, १० सेकंद: आजीचा आवाज, जात्याची घरघर, लांब हायवेवर ट्रकचा हॉर्न]

हॉर्न राहू दिलाय. तो सुप्याचाच आहे.

आज घरी एक काम करा. मशीन, फ्रिज, गिझर, काहीही "चिमटे काढतंय" असं कुणी म्हणत असेल तर या वेळी नीट ऐका. भेटू पुढच्या भागात!