जंगलाची कड पेटवाल, तर वावरातल्या फळाला मुकाल!

वर्धा : सेलू तालुक्यात हिंगणी, बोरधरणकडे गेलात की धुऱ्याच्या अलीकडं वावर अन् पलीकडं बोरचं जंगल. २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून सगळे वाघाचंच बोलतात. पण शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचा प्राणी तिथं वेगळाच आहे, मधमाशी!

काकडी, भोपळा, टरबूज यांच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशीनं पराग नेले तरच फळ धरतं, नाहीतर बारकं फळ पिवळं पडून गळतं. तूर अन् कपाशी स्वतःच्या परागावरही धरतात, पण माशीचा हातभार त्यांनाही लागतो.

ही माशी राहते कुठं? सातेरी झाडाच्या ढोलीत, फुलोरी झुडपात, आग्या उंच फांदीवर. काही माश्या जमिनीत बीळ करतात. लहान माश्या घरापासून फार लांब जात नाहीत, म्हणून जंगलालगतच्या वावराला फायदा जास्त. कोस्टा रिका देशातल्या कॉफीच्या मळ्यात हे मोजलं गेलं. जंगलापासून साधारण १ किलोमीटरच्या आत उत्पादन २० टक्क्यांनी जास्त निघालं.

जंगलालाही ही कड सांभाळावी लागते. सागाला चांगलं बी धरायला दुसऱ्या सागाचे पराग लागतात. कडेची झाडं तुटून एखादंच उरलं, तर माशी त्याच झाडावर फिरते. फुलोरा भरपूर, पण बी कमी. पळसाला पाखरं लागतात, मोहाला वटवाघळं.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला खालचा पालापाचोळा पेटवतात, कोणी धुरे जाळतात. आग आत शिरली की ढोल्या जळतात, पोळी जळतात, नवीन रोपटीही जातात.

मग काय करायचं?

• मोहाखाली आग लावू नका. जागा झाडून जुनी साडी किंवा जाळी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात.
• धुऱ्यावरची बोर, पळस, करंजाची झाडं राहू द्या.
• पीक फुलावर असताना सकाळी फवारणी टाळा. गरजच पडली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा.
• आग्या मोहोळ जाळू नका. जाणकाराकडून फक्त मधाचा भाग कापून घेतला, तर पिल्लं वाचतात.

पराग वाहून नेण्याची मजुरी माशी मागत नाही. तिचं घर तेवढं पेटवू नका.