सुरांचा धीर

दात दुखू लागला की अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. तरीही दंतवैद्याकडे जाण्यास पुष्कळ लोक कचरतात. उमरीचा एखादा मुलगा दात दाखवण्यासाठी आगगाडीने नांदेडला निघाला, तर मुदखेड येण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांपुढे सुई आणि चिमटा उभा राहतो. दवाखान्यातील खुर्चीत बसताच त्याची छाती धडधडू लागते, अंग ताठ होते. भय वाढले की वेदनाही अधिक जाणवते. भयापोटी उपचार लांबणीवर टाकले, तर आज भरून वाचणारा दात उद्या काढावा लागतो.

हे भय कमी करण्यासाठी संगीताचे साहाय्य घेतले जाते. कष्टांत सुरांचा आधार शोधणे आपल्या लोकांना नवे नाही. मराठवाड्यातील आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या जात्यावर ओव्या गाऊन दळणाचे श्रम हलके केले. अंगाईने रडणारे मूल शांत होते. मन सुरांत गुंतले की वेदनेकडे त्याचे लक्ष कमी जाते. संथ लयीबरोबर श्वासही संथ होऊ लागतो. शिवाय दात कोरणाऱ्या यंत्राची कर्कश घरघर कानांना कमी जाणवते.

अमेरिकेतील दंतवैद्य गार्डनर व मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यांनी या दिशेने केलेले प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या कानांना हेडफोन लावून आवाज कमीअधिक करण्याची कळ त्याच्याच हाती दिली जाई. एरवी तो संगीत ऐके. वेदना होताच कळ फिरवून धबधब्यासारखा मोठा आवाज ऐके. अशा रीतीने अनेकांवर बधिर करणाऱ्या औषधावाचून उपचार करता आले, असे त्यांनी लिहिले. पुढे इतरांना मात्र तसे यश सर्वत्र लाभले नाही.

म्हणून आज हिरडी बधिर करण्याचे काम औषधाकडेच असते. संगीत त्याची जागा घेत नाही, ते मनाला धीर देते. कोणाला भजन आवडते, कोणाला बासरी; रुग्णाने आपल्या आवडीचे संगीत निवडणे चांगले. आवाज मात्र डॉक्टरांची सूचना ऐकू येईल इतकाच ठेवावा. खुर्चीत बसलेल्याला आपल्या सोबतीला कोणीतरी आहे असे वाटले, तर तो निम्मा भार उतरल्यासारखा तोंड उघडतो आणि दात वेळेवर वाचतो.