माणसे वाढली, धूप घटली

उघडे माळ आणि घळी पाहिल्या की, वस्ती वाढली म्हणून जमीन गेली, असे आपण सहज म्हणून जातो. केनिया देशातील माचाकोस जिल्ह्याविषयी १९३० नंतरच्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांचेही हेच मत होते. सरकारने गुरे कमी करण्याची सक्ती केली, तेव्हा १९३८ साली मुइंदी म्बिंगू यांच्या पुढारीपणाखाली तेथील अकाम्बा लोक नैरोबीला जाऊन धडकले. पुढे सक्तीच्या मजुरीने ताली घालून घेतल्या गेल्या. त्याही लोकांना नकोशा झाल्या.

भूगोलाचे संशोधक मायकेल मॉर्टिमोर यांनी मेरी टिफेन व फ्रान्सिस गिचुकी यांच्यासह या जिल्ह्याचा अभ्यास करून १९९४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९३७ साली घेतलेल्या छायाचित्रांतील जागांची छायाचित्रे १९९१ साली पुन्हा घेण्यात आली. मधल्या काळात लोकसंख्या पाचपटीहून अधिक झाली होती; तरीही पूर्वीच्या उघड्या उतारांवर ताली आणि झाडे उभी होती.

तेथील ‘फान्या जू’ ही पद्धत ग्रामसेवक बंधूंनी समजून घेण्याजोगी आहे. स्वाहिली भाषेतील या नावात माती वर टाकण्याचा अर्थ आहे. समपातळीत चर खणून माती चराच्या वरच्या अंगाला टाकावयाची व तिचा बांध घालावयाचा. वाहून येणारी माती बांधाशी अडते आणि काही वर्षांत शेताला पायऱ्यांचा आकार येतो. बांधावर नेपियर गवत लावल्यास बांध टिकतो व वैरणही मिळते. चरात केळी लावता येतात. माती चढावर फेकणे मोठ्या कष्टाचे. ‘म्वेथ्या’ नावाच्या गटांनी, त्यातही बहुतांशी स्त्रियांनी, एकमेकींच्या शेतावर हे काम केले. आपल्याकडील इर्जिकेशी जुळणारी ही रीत आहे.

सक्तीने नकोसे झालेले काम पुढे लोकांनी स्वखुशीने का केले? तालीत पाऊस मुरून मका हाती लागू लागला, हे एक कारण. दुसरे म्हणजे नैरोबीची पेठ जवळ असल्याने कॉफी, फळे व भाजीपाला यांना गिऱ्हाईक होते, आणि शहरातील नोकरीचा पैसा शेतात घालता येत होता. बांधाची रेघ आखून देणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांना हे मान्य करणे थोडे जड जाते. पण रेघ तर सक्तीच्या काळातही आखलेली होतीच.

पुढील अभ्यासकांनी मात्र एक त्रुटी दाखविली. ज्या घरात बाहेरून पैसा येत नव्हता, ते घर या सुधारणेत मागे पडले.